‘कधीही सोडू शकतो’ म्हणणारा मुलगा आणि सोडल्यानंतरचे चार आठवडे

प्रश्न एका आईचा आहे. मुलगा १९ वर्षांचा. दोन वर्षांपासून गांजा ओढतो, गेले आठ-नऊ महिने रोज. कॉलेज जवळपास सुटलंय, दुपारी एकच्या आधी उठत नाही, जुने मित्र येईनासे झालेत. विचारलं की म्हणतो, ‘झाडाचा पाला आहे, दारू नव्हे. याचं व्यसन लागत नाही. झोप येत नाही म्हणून घेतो. कधीही सोडू शकतो.’ मध्यंतरी वडिलांशी पैज लावून त्यानं सहा दिवस सोडलाही होता. त्या सहा दिवसांत घर डोक्यावर घेतलं, सातव्या दिवशी पुन्हा सुरू. आईला तीन गोष्टी जाणून घ्यायच्या आहेत : हे व्यसन आहे का, त्याच्या नकळत लघवीची तपासणी करावी का, आणि उचलून एखाद्या केंद्रात भरती करावं का.

मी मनोविकारतज्ज्ञ आहे, वीसहून जास्त वर्षं व्यसनाच्या रुग्णांबरोबर काम करतोय. तुमच्या पत्रात सगळ्यात महत्त्वाची गोष्ट तुम्ही जाता जाता लिहिली आहे : ते सहा दिवस. उत्तराची सुरुवात तिथूनच करतो.

तुम्हाला त्या सहा दिवसांत मुलाचा ‘खरा स्वभाव’ दिसला असं वाटलं. त्याला वाटलं, ‘बघा, गांजा नसला की माझी झोप जाते, डोकं फिरतं, म्हणजे मला त्याची गरज आहे.’ दोघांचाही समज चुकीचा आहे. रोज गांजा ओढणाऱ्यानं तो एकदम थांबवला की साधारण एक ते तीन दिवसांत चिडचिड, बेचैनी, झोप उडणं, भूक मरणं, उदास वाटणं सुरू होतं. कुणाला घाम फुटतो, कुणाचं पोट दुखतं, कुणाचं डोकं. पहिल्या आठवड्यात हे सगळं टोकाला जातं, मग उतरायला लागतं, आणि दोन-तीन आठवड्यांत बहुतेक निवळतं. झोपेचं मात्र जास्त लांबतं. तुमचा मुलगा सहाव्या दिवशी चढाच्या अगदी माथ्यावर उभा होता. उतार सुरू व्हायच्या आत तो परतला.

यातली खोच नीट समजून घ्या. राग, चिंता, निद्रानाश, भूक नसणं ही गांजा सोडल्यावरची लक्षणं आहेत, आणि नेमक्या याच गोष्टींवरचं औषध म्हणून मुलं गांजा घेतात. त्यामुळे सोडल्यावर त्रास झाला की आपलं म्हणणं खरं ठरलं असं त्यांना मनापासून वाटतं. ते खोटं बोलत नसतात. माझ्यासमोर बसलेल्या कितीतरी मुलांनी ‘मी सोडून बघितलंय, मला नाही जमत’ असं सांगितलं आणि विचारल्यावर कळलं की कुणीच दहा दिवसांच्या पुढे गेलेलं नव्हतं.

आता ‘व्यसन लागत नाही’ या म्हणण्याकडे. गांजातला मुख्य नशा आणणारा घटक म्हणजे टीएचसी. तो १९६४ मध्ये राफाएल मेशुलाम आणि येहिएल गाओनी यांनी इस्रायलमध्ये वेगळा काढला. पुढे मेंदूत त्याला बसायला तयार जागा आहेत हे कळलं, आणि १९९२ मध्ये मेशुलामच्याच प्रयोगशाळेत शरीर स्वतः बनवतं असा एक पदार्थ सापडला, जो त्याच जागांवर बसतो. त्याला त्यांनी नाव दिलं ‘आनंदामाइड’, आपल्या संस्कृत ‘आनंद’वरून. मी ही गोष्ट मुलांना नेहमी सांगतो, कारण त्यांना ती आवडते आणि मुद्दा सोपा होतो : तुझ्या मेंदूत हे काम आधीपासून चालू आहे, अगदी थेंबाथेंबानं, लागेल तिथं, लागेल तेवढं. वरून रोज बादली ओतलीस तर मेंदू त्या जागा कमी करत जातो. मग बादली नसेल त्या दिवशी स्वतःचा थेंब पुरत नाही. मेंदूच्या चित्रणाच्या अभ्यासांत हे दिसलेलं आहे, आणि त्याची चांगली बाजूही : सोडल्यानंतर काही दिवसांतच या जागा परत वाढू लागतात आणि सुमारे चार आठवड्यांत जवळपास पूर्ववत होतात. मी ‘चार आठवडे’ हा आकडा पुन्हा पुन्हा घेतो तो यासाठी.

सगळ्यांनाच व्यसन लागतं का? नाही, आणि तसं सांगू नका, कारण तुमच्या मुलाला ओढूनही ठणठणीत असलेली चार माणसं माहीत असतील आणि तुमचं बाकीचं बोलणं त्याच क्षणी रद्द होईल. नेहमी दिले जाणारे अंदाज असे आहेत : कधी ना कधी गांजा घेतलेल्यांपैकी सुमारे ९ टक्के त्यात अडकतात, किशोरवयात सुरुवात केलेल्यांपैकी सहांत एक, आणि रोज घेणाऱ्यांपैकी २५ ते ५० टक्के. तुमचा मुलगा शेवटच्या दोन्ही गटांत आहे. शिवाय आजचा माल तो जुना राहिलेला नाही. अमेरिकेत जप्त झालेल्या गांजाच्या नमुन्यांत १९९५ च्या सुमारास टीएचसी सरासरी ४ टक्के होतं, २०१४ पर्यंत ते १२ टक्क्यांच्या आसपास गेलं. वेपमध्ये, म्हणजे इलेक्ट्रॉनिक सिगारेटमध्ये, भरायच्या अर्कात तर याच्या कितीतरी पट असतं.

निदानासाठी आम्ही ११ निकष बघतो : ठरवल्यापेक्षा जास्त घेणं, कमी करायचे फसलेले प्रयत्न, त्यात जाणारा वेळ, तलफ, अभ्यास-काम बुडणं, भांडणं होऊनही चालू ठेवणं, आवडीच्या गोष्टी सोडणं, धोक्याच्या वेळी घेणं, त्रास होतोय हे कळूनही घेत राहणं, मात्रा वाढत जाणं, आणि थांबवल्यावर त्रास. वर्षभरात यातले दोन-तीन असतील तर सौम्य, चार-पाच असतील तर मध्यम, सहा किंवा जास्त असतील तर तीव्र. तुमच्या पत्रावरून मला सहा तरी मोजता आले. पण मुलाला न भेटता निदान करू नये, म्हणून हे फक्त तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर समजा : होय, बहुधा. मी स्वतः एक साधा प्रश्न आधी विचारतो, ‘दिवसातला पहिला झुरका किती वाजता?’ रात्री दहा असं उत्तर आलं तर एक चित्र, उठल्यावर अर्ध्या तासात आलं तर वेगळंच.

तुमच्या पुढच्या प्रश्नांकडे वळण्याआधी एक गोष्ट, जी ताबडतोब बघायला हवी. मुलगा विनाकारण संशय घेतोय का? कुणी आपल्यावर पाळत ठेवतंय, आपल्याबद्दलच बोलतंय, कानात आवाज येतात, एकटाच बोलतो-हसतो, रात्र-रात्र जागून विचित्र काहीतरी लिहितो, असं असेल तर हे उत्तर बाजूला ठेवा आणि आजच मनोविकारतज्ज्ञ गाठा. स्वतःला संपवण्याची भाषा असेल तरीही तेच. स्वीडनमध्ये लष्करभरतीच्या वेळी तपासलेल्या ४५ हजारांहून जास्त तरुणांचा पुढची १५ वर्षं माग काढला गेला; १९८७ मध्ये निष्कर्ष आले, त्यात ५० पेक्षा जास्त वेळा गांजा घेतलेल्यांमध्ये स्किझोफ्रेनियाचं प्रमाण न घेणाऱ्यांच्या सहापट होतं. नंतरच्या अभ्यासांत हा आकडा कमी-जास्त झाला, ‘आधी आजार की आधी गांजा’ हा वाद अजून पूर्ण मिटलेला नाही, आणि बहुसंख्य ओढणाऱ्यांना हा आजार होत नाही. पण घरात कुणाला असा आजार असेल, सुरुवात लहान वयात झाली असेल आणि माल कडक असेल, तर हा जुगार खेळण्यासारखा नाही. हे मी मुलांना स्पष्ट सांगतो, घाबरवण्यासाठी नाही. ज्यांच्या घरात आजार आहे ती मुलं हे ऐकून खरंच थांबलेली मी पाहिली आहेत.

आणखी एक विचित्र लक्षण, पालकांना आणि कधीकधी डॉक्टरांनाही चकवणारं. वर्षानुवर्षं भरपूर गांजा घेणाऱ्या काहींना उलट्यांचे झटके येतात, पोटात पिळवटतं, आणि गरम पाण्यानं अंघोळ केली की बरं वाटतं. दिवसातून पाच-पाच वेळा अंघोळ करतात. एका मुलाच्या पोटाच्या सगळ्या तपासण्या दोन वर्षं चालल्या होत्या. गांजाबद्दल त्याला कुणी विचारलंच नव्हतं आणि त्यानं सांगितलं नव्हतं. यावर कायमचा उपाय एकच, गांजा पूर्ण थांबवणं.

आता उपचार. आधी निराशाजनक बातमी : गांजाच्या व्यसनावर खास मान्यताप्राप्त असं औषध अजून नाही. ‘गोळीनं सुटेल’ असं कुणी सांगत असेल तर सावध राहा. झोपेसाठी किंवा बेचैनीसाठी डॉक्टर थोड्या दिवसांपुरतं काही देतात, पण झोपेच्या गोळ्या मनानं आणून देऊ नका. एक सोडवताना दुसरं लावलेली उदाहरणं माझ्याकडे नको तेवढी आहेत.

काम होतं ते बोलण्यातून, आणि ते वाटतं तितकं लांबलचक नसतं. २००४ मध्ये अमेरिकेतला एक मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, ६०० किशोरवयीन मुलांवरचा, पाच वेगवेगळ्या उपचारपद्धतींची तुलना करणारा. त्यात फक्त पाच सत्रांचा उपचार लांबलेल्या उपचारांच्या तुलनेत फारसा मागे पडला नाही. पहिली दोन सत्रं मुलाची स्वतःची इच्छा जागी करण्याची, पुढची तीन प्रत्यक्ष कौशल्यांची : नाही कसं म्हणायचं, तलफ कशी काढायची, रिकामा वेळ कसा भरायचा. याखेरीज काही ठिकाणी तपासणी स्वच्छ आली की छोटं बक्षीस देतात. पालकांना हे लाचेसारखं वाटतं. मलाही सुरुवातीला वाटायचं. पण ज्या मेंदूला झुरक्याचं बक्षीस दहा मिनिटांत मिळायची सवय आहे त्याला ‘पाच वर्षांनी चांगली नोकरी’ हे बक्षीस दिसतच नाही. आठवडाभर स्वच्छ राहिल्यावर शनिवारी मिळणारं काहीतरी त्याला दिसतं.

इच्छा जागी करणं म्हणजे व्याख्यान नव्हे. त्याच्याशी ‘गांजा वाईट आहे की नाही’ या विषयावर वाद घालणं आजपासून बंद करा. तो वाद तुम्ही जिंकलात तरी हरलेलात, कारण तुम्ही विरुद्ध बाजू घेतली की गांजाची वकिली करण्याचं काम आपोआप त्याच्याकडे जातं, आणि माणूस स्वतःच्या तोंडून जे वारंवार बोलतो त्यावर त्याचा विश्वास बसत जातो. त्याऐवजी विचारा : ‘यातून तुला काय मिळतं?’ आणि उत्तर खरंच ऐका. गांजा त्याच्यासाठी कुठलं तरी काम करत असतो. कुणाला लोकांत मिसळताना येणारी धडधड थांबवतो, कुणाला कंटाळ्यातून सोडवतो, कुणाचं घरातलं भांडण ऐकू येईनासं करतो. एका मुलीनं मला सांगितलं होतं, ‘संध्याकाळी सात ते नऊ घरात कुणी कुणाशी बोलत नाही, ते दोन तास मला नको असतात.’ तिच्या उपचाराचा मोठा भाग त्या दोन तासांवरच खर्च झाला. ते काम दुसरं कोण करणार हे ठरल्याशिवाय गांजाला कामावरून काढता येत नाही. हे ऐकून झालं की मगच, ‘आणि यात न आवडणारं काय आहे?’ इथं मुलं जे सांगतात त्यातलं निम्मं पालकांना माहीत नसतं. विसरायला होतं, कशातच रस वाटत नाही, सगळे पुढे गेले आणि मी तिथंच आहे. हे त्याचे शब्द. पुढचं सगळं काम त्या शब्दांवर चालतं.

बोलायची वेळ सांभाळा. अंमलात असताना बोलू नका, पुडी सापडल्याच्या क्षणी तर नाहीच.

समजा तो तयार झाला. तर ठरवायचं ते ‘आयुष्यभर’ नाही, चार आठवडे. ‘कधीही सोडू शकतो म्हणतोस ना, मग पुरते २८ दिवस सोडून बघूया, सहा नाही. त्यानंतर झोप आणि मन कसं आहे ते बघून पुढचं बोलू.’ यात त्याचा अपमान नाही आणि मेंदूला सावरायला लागणारा वेळही मिळतो. वैद्यकीय कारणही आहे. त्याला मुळात चिंतेचा किंवा नैराश्याचा आजार आहे का, लक्ष केंद्रित न होण्याची अडचण आहे का, हे रोजच्या धुरात नीट कळत नाही. चार आठवड्यांनंतरही उदासी किंवा धडधड तशीच असेल तर तो वेगळा आजार समजून त्यावर स्वतंत्र उपचार करायचे. नैराश्य खोल असेल तर अर्थातच इतकं थांबत नाही.

या काळात झोपेवरच सगळी मदार. पहिल्या आठवड्यात तो रात्री दोन-तीनपर्यंत टक्क जागा असेल. दुपारी झोपू देऊ नका, सकाळी ठरल्या वेळी उठवा, मग रात्र कितीही वाईट गेलेली असो. संध्याकाळी घामटा निघेल असा व्यायाम, दुपारनंतर चहा-कॉफी बंद. दुसऱ्या आठवड्यात स्वप्नांचा पूर येईल. गांजा स्वप्नांची झोप दाबून ठेवतो, तो गेला की ती उसळून वर येते. स्वप्नं इतकी जिवंत असतात की मुलं घाबरून उठतात, काही स्वप्नात गांजा ओढतात आणि जागे झाल्यावर रडतात की सगळं वाया गेलं. आधी सांगून ठेवलं असेल तर हीच स्वप्नं बरं होत असल्याची खूण वाटतात. भूक नसली तर ताटावरून भांडू नका, थोडं थोडं द्या. परत येते.

तलफ लाटेसारखी असते, बहुतेक वेळा पंधरा-वीस मिनिटांत ओसरते. तेवढ्यात जागा बदलायची, कुणाला तरी फोन करायचा, पाण्याखाली डोकं धरायचं, काहीही. ती ओसरते हा अनुभव दोन-तीनदा आला की अर्धं भय जातं. सामान मात्र पहिल्याच दिवशी घराबाहेर गेलं पाहिजे, कागद, चिलीम, लायटर, सगळं. आणि ते त्यानं स्वतः टाकायचं, तुम्ही खोलीची झडती घेऊन नाही. पुरवणाऱ्याचा नंबर हाही सामानाचाच भाग.

एक गोष्ट जवळपास सगळेच विसरतात : तंबाखू. तुमचा मुलगा गांजा तंबाखूत मिसळून ओढत असेल तर तो एकाच वेळी दोन गोष्टी सोडतोय. त्यातली निकोटीनची तलफ त्याला गांजाची वाटते. मग तो ‘नुसती सिगारेट’ सुरू करतो आणि प्रत्येक सिगारेट हाताला, ओठाला, मित्रांच्या कट्ट्याला जुनी आठवण करून देते. शक्य असेल तर दोन्ही एकत्र सोडवा. निकोटीनसाठी तरी च्युइंगगम, पट्ट्या, औषधं आहेत.

आणि तो तयारच झाला नाही तर? तरीही वाट बघत बसायचं नाही. पहिला झुरका संध्याकाळपर्यंत पुढे ढकल, आठवड्यातले दोन दिवस कोरडे ठेव, वेप आणि अर्क नको, ओढून गाडी चालवायची नाही, यावर तडजोड करा. काहींना हे गांजाला परवानगी दिल्यासारखं वाटतं. माझा अनुभव असा की कमी करायचा प्रयत्न हीच मुलाला पटणारी सगळ्यात चांगली परीक्षा असते, कारण ‘दोन दिवस कोरडे’ हेही जमलं नाही की ‘कधीही सोडू शकतो’ हे वाक्य त्याच्याच तोंडात अडखळतं. घरात दोन-तीन नियम असू द्या, पाळता येतील एवढेच : घरात ओढायचं नाही, रोख पैसे मिळणार नाहीत, कॉलेजला खोटी चिठ्ठी मिळणार नाही. तो बुडवेल त्याचे परिणाम त्याच्यापर्यंत पोचू द्या. आणि तो शुद्धीत असतो त्या वेळी त्याच्याबरोबर राहा, नुसतं, गांजाचा विषय न काढता. बहुतेक घरांत उलटं झालेलं असतं : ओढून आला की तास-दोन तास सगळं घर त्याच्याभोवती, सरळ असला की कुणी बघत नाही.

लघवीची तपासणी. नकळत करू नका. कळल्यावर जो विश्वास जाईल तो आकड्यांनी परत मिळत नाही. तो तयार असेल तर मात्र ती त्याच्या बाजूचा साक्षीदार होऊ शकते. फक्त एक लक्षात ठेवा : टीएचसी चरबीत साठतं. रोज ओढणाऱ्यानं आज थांबवलं तरी तपासणी पुढचे ३० दिवस, कधी त्याहूनही जास्त, होकारार्थी येऊ शकते. तिसऱ्या आठवड्यात पट्टीवर खूण दिसली म्हणून ‘खोटारडा’ म्हणणाऱ्या वडिलांमुळे खरोखर सोडलेला मुलगा त्याच रात्री परत गेल्याचं मी पाहिलंय. आणि नकारार्थी तपासणीही नेहमी खरी नसते : बाजारात कृत्रिम रसायनं फवारलेला पाला ‘गांजासारखंच’ म्हणून मिळतो, तो साध्या पट्टीवर दिसत नाही आणि गांजापेक्षा पुष्कळ घातक आहे. मुलाला हे माहीत असलं पाहिजे.

केंद्रात उचलून टाकण्याबद्दल : गांजा सोडल्यानं जीव धोक्यात येत नाही, दारू सोडताना येऊ शकतो तसा. त्यामुळे बहुतेक मुलांचे उपचार घरी राहून, आठवड्याला एक-दोन भेटींत होतात आणि तेच बरं, कारण ज्या कट्ट्यावरून त्याला मान फिरवून जायचं आहे तो कट्टा केंद्रात नसतो. भरती करावी लागते ती भ्रम-आवाज असतील, जिवाचं बरंवाईट करण्याचा धोका असेल, दारू किंवा इतर नशा सोबत असेल, किंवा घरच सुरक्षित नसेल तेव्हा. तशी वेळ आलीच तर केंद्राला थेट विचारा : पात्र मनोविकारतज्ज्ञ किती वेळा येतात, घरच्यांना भेटू देता का, तरुणांची सोय वेगळी आहे का. ‘तीन महिने फोन नाही, भेट नाही, आम्ही सरळ करतो’ असं उत्तर आलं तर परत फिरा. मारहाण झालेल्या मुलाला पुढची दोन वर्षं कुणाही डॉक्टरच्या खोलीत बसवता येत नाही.

आणि घसरेल. बहुतेक जण एकदा तरी घसरतात, बऱ्याचदा तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात, बरं वाटायला लागल्यावरच, ‘एकदा काय होतंय’ म्हणून. त्या दिवशी ‘का केलंस’ विचारू नका, त्याला उत्तर नसतं. किती वाजले होते, कोण बरोबर होतं, आदल्या रात्री झोपला होतास का, त्या दिवशी जेवला होतास का, हे विचारा आणि उत्तरं लिहून ठेवायला सांगा. माझ्याकडे येणाऱ्या एका मुलाच्या वहीत चार घसरणी होत्या; चारही दुपारी साडेतीन ते पाचच्या मधल्या, चारही उपाशीपोटी, तीन वेळा एकाच बस थांब्यावर. आम्ही त्याला दुपारी तीनला जेवायला लावलं आणि बस बदलली.